तटाआड बसून खेळण्यात चूक काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ हा गाव वसवून सैन्य लढवायचा कॉम्प्युटर गेम खेळताना तुम्ही सुरुवातीलाच भोवती भिंत घालून घेता, आत शेतं, टॉवर, एखादा कॅसल मांडता आणि समोरचा येईपर्यंत बाहेर पाऊल टाकत नाही. मित्र ‘कासव’ म्हणून चिडवतात. हल्ला करण्यात तुम्हाला गंमतच वाटत नाही. कॉम्प्युटरला आरामात हरवता, पण ऑनलाइन माणसांपुढे तासाभरात हमखास उताणे पडता. तर हा भित्रेपणा आहे का, आणि ही सवय मोडायची का?

मी 2003 पासून कासव आहे, त्यामुळे निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका. सवय मोडू नका. पण भिंत नेमकी कशासाठी घालताय ते एकदा तपासा. तुमच्या हरण्याचं मूळ तिथेच आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय.

आधी गमतीचं बोलू. शाळेत मी कबड्डीत डाव्या कोपऱ्याला उभा राहायचो. चढाईला मला कुणी पाठवत नसे आणि मलाही जायची हौस नव्हती. लोकांना वाटतं कोपऱ्यातला गडी नुसता वाट बघत असतो. तसं नसतं. बोनस घ्यायचा तर चढाई करणाऱ्याला पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत ठेवावा लागतो. म्हणजे तो क्षणभर एका पायावर असतो. तो क्षण यावा म्हणून आपण दोन पावलं मागे सरकायचं, मुद्दाम जागा मोकळी सोडायची, त्याला वाटू द्यायचं की आत शिरता येतंय. आणि मग घोटा. चढाईत चार गुण आणणाऱ्याला टाळ्या जास्त मिळतात, पण अंगणात आलेला माणूस आपण आखलेल्या जागेवर पडतो तेव्हाचं सुख वेगळंच.

स्ट्रॅटेजी गेममधलं तटाआडचं खेळणं हे मला तस्संच वाटतं. पूर्ण बंद भिंतीपेक्षा भिंतीत एक फट सोडून बघा. शत्रूची घोडदळाची झुंड ती फट शोधत बरोबर तिथेच येते. आत दोन्ही अंगांना घरं लावून गल्ली केलेली, गल्लीच्या टोकाला भालेवाले, आणि वर कॅसलचे बाण. सगळं आधी मांडून ठेवलेलं असतं. त्या वेळी आपल्याला करायचं काहीच नसतं. चहाचा कप हातात घेऊन बघायचं. हल्ला करणारा प्रत्येक सेकंदाला निर्णय घेत असतो, आपण आपला निर्णय दहा मिनिटांपूर्वीच घेऊन बसलेलो असतो. ज्याला हे आवडतं त्याला भित्रा म्हणणं म्हणजे सापळा लावणाऱ्याला आळशी म्हणण्यासारखं आहे.

बोटांचाही प्रश्न आहे, तो कुणी मोकळेपणाने कबूल करत नाही. वीस वर्षांची पोरं मिनिटाला जितक्या क्लिक करतात तितक्या माझ्या दिवसभरातही होत नसतील. दिवसभर एक्सेल बघून रात्री साडेदहाला गेम लावणाऱ्या माणसाने तीन ठिकाणी एकदम लढाई सांभाळावी ही अपेक्षाच अघोरी. भिंत ही माझ्या बोटांची भरपाई आहे.

आता तुमच्या हरण्याकडे वळतो.

कॉम्प्युटर तुमच्या भिंतीवर तुकड्यातुकड्यांनी येऊन मरतो, त्यामुळे भिंतीने तुम्हाला जिंकवलं असा समज होतो. माणूस तसं करत नाही. तो एक घोडेस्वार पाठवतो, भिंत बघतो, आणि हसून परत जातो. कारण त्याला कळतं की हा गडी बाहेर येणार नाही. म्हणजे त्याला स्वतःच्या गावाला राखण ठेवायची गरजच उरली नाही. सैन्यावर घालायचं अन्न आणि सोनं तो व्हिलेजर (कामकरी माणसं) आणि नव्या टाउन सेंटरवर (ती जिथे तयार होतात) घालतो. तुमची भिंत तुम्हाला जेवढा वेळ देते, तेवढाच फुकटात त्यालाही देते. तुम्ही तर त्यासाठी दगड मोजलेला असतो. एक कॅसल म्हणजे 650 दगड. खाणीतला एक ढीग 350 चा. म्हणजे जवळजवळ दोन ढीग उपसायला बसलेली माणसं तेवढा वेळ शेतावर नव्हती, सोन्यावर नव्हती. ही वजाबाकी कुणी करत नाही. भिंत ही बचत वाटते, असतो तो खर्च.

शिवाय सोनं संपतं. भिंतीच्या आत जेवढं आहे तेवढंच तुमचं. बाहेरच्या खाणी आणि रेलिक (सोनं मिळवून देणारे पवित्र अवशेष) निवांतपणे त्याच्याकडे जातात. तासाभराने त्याच्याकडे सोनं मोजून घेतलेलं भारी सैन्य असतं आणि तुमच्याकडे भालेवाले आणि पश्चात्ताप.

मग तो ट्रेबुशे, म्हणजे लांबवर दगड फेकणारं यंत्र, आणतो. गेम बनवणाऱ्यांनी कासवांचा बंदोबस्त कसा केलाय ते बघायचं असेल तर दोनच आकडे बघा. कॅसलचा पल्ला मुळात 8, बाणांच्या सगळ्या सुधारणा केल्या तरी 11. ट्रेबुशेचा 16. म्हणजे तुमच्या बाणांच्या टप्प्याबाहेर खुर्ची टाकून तो तुमचा कॅसल दगडादगडाने उतरवू शकतो. दारं-भिंती फोडणाऱ्या रॅमचंही तसंच. बाणांनी रॅमला ओरखडा उठत नाही, त्याला तलवारवाल्यांनी किंवा घोडेस्वारांनी जवळ जाऊन फोडावं लागतं. म्हणजे भिंतीचं रक्षण करायलाही गेट उघडून बाहेर यावंच लागतं. गडकिल्ल्यांचा दाखला मराठी माणूस अशा वेळी देतोच, म्हणून मीही एक देतो आणि सोडून देतो: पन्हाळ्यावर 1660 मध्ये चार महिन्यांहून जास्त वेढा सोसला, पण त्यातून सुटका झाली ती जुलैच्या पावसात गड सोडून बाहेर पडल्यावर.

इतर गेमवाल्यांनीही हेच केलंय. ‘वॉरक्राफ्ट थ्री’मध्ये सैन्य साठवत बसलात तर सरळ करच लागतो. नंतर आलेल्या एक्स्पान्शनच्या (वाढीव आवृत्तीच्या) नियमाप्रमाणे लोकसंख्या 50 च्या वर गेली की खाणीतून आलेल्या दर 10 सोन्यामागे 7 च हातात पडतात, 80 च्या वर 4. बसून राहण्याची शिक्षा. गंमत म्हणजे याच गेमच्या मॅप एडिटरवर लोकांनी टॉवर डिफेन्सचे ढीगभर मॅप बनवले, ज्यात बसून राहण्याशिवाय दुसरं काही करायचंच नसतं. दारातून हाकलेली कासवं खिडकीतून आत आली.

पण कासवगिरीचा खरा धडा मला ‘स्टारक्राफ्ट’ने दिला. त्यातल्या टेरन या गटाचा सीज टँक पाय रोवून बसला की जागचा हलत नाही, मात्र लांबवर जबरदस्त मारतो. नवा खेळाडू ते टँक घराच्या तोंडाशी रोवतो आणि झोपतो. मुरलेला खेळाडू चार टँक रोवतो, त्यांच्या आडोशाने दोन उचलून थोडे पुढे नेतो, ते रोवतो, मग मागचे उचलतो. असं करत करत आख्खा तटच समोरच्याच्या दारात नेऊन उभा करतो. तो हल्ला आहे की बचाव हे तुम्हीच ठरवा. मी पहिल्यांदा हे कुणाचं तरी बघितलं तेव्हा गेम थांबवून पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसलो होतो. घराच्या खऱ्या भिंतीकडे.

त्याच गेममधली दुसरी गोष्ट: प्रोटॉस या गटाच्या फोटॉन कॅनन, म्हणजे तोफा, पायलॉन नावाच्या खांबाच्या विजेवर चालतात. पोरं एका पायलॉनभोवती सहा कॅनन लावतात आणि किल्ला झाला म्हणून खूश होतात. समोरचा कॅननला हातही लावत नाही. पायलॉन फोडतो, सहाच्या सहा विझतात. तुमच्या तटबंदीत असा पायलॉन कुठे आहे ते शोधा. प्रत्येकाच्या असतो.

माझा कुठे होता ते सांगतो. होस्टेलमध्ये चार कॉम्प्युटर जोडून रात्री खेळायचो. मॅप ब्लॅक फॉरेस्ट, कासवांचं माहेर. सगळीकडे दाट जंगल, जंगलातून सैन्य जाऊ शकत नाही, ये-जा करायला दोन-तीन अरुंद वाटा. मी माझ्याकडे येणाऱ्या दोन्ही वाटांवर तिहेरी दगडी भिंत घातली, मागे कॅसल, मागे टॉवर. रूममेटचा पत्ताच नव्हता. मी वंडर (भव्य स्मारक) बांधायला घेतला होता, म्हणजे 1000 लाकूड, 1000 दगड, 1000 सोनं. एकदा उभा राहिला की उलटी मोजणी सुरू, ती संपेपर्यंत सांभाळला की जिंकलो. कासवाला याहून सुंदर शेवट नाही. आणि अचानक माझ्या शेतांत त्याचे घोडे. पहिली भिंत बघितली, शाबूत. दुसरी बघितली, शाबूत. टाउन बेल वाजवून व्हिलेजर आत घेईपर्यंत निम्मी शेतं ओसाड.

हरल्यावर पूर्ण मॅप उघडला तेव्हा कळलं. पंचवीस-तीस लाकूडतोडे मी एका कडेला लावून दिले होते आणि विसरलो होतो. ते इमाने इतबारे तोडत आत आत गेले होते. पलीकडून त्याची माणसं तोडत येत होती. मध्ये उरलेलं शेवटचं झाड माझ्याच माणसाने पाडलं. रूममेटने त्या रात्री हे इतक्या जणांना सांगितलं की वर्षभर मला ‘लाकूडतोड्या’ म्हणत होते, आणि सोन्याची कुऱ्हाड सापडली का, हे विचारणारे वेगळे.

तेव्हापासून दर थोड्या वेळाने जंगलाच्या कडेला नजर टाकतो आणि जिथे पातळ झालंय तिथे आतून भिंतीचे चार तुकडे ठोकतो. गेटलाही कुलूप लावतो. आपला व्हिलेजर जवळ गेला की गेट आपोआप उघडतं, आणि बाहेर टपलेला घोडेस्वार त्याच्यासोबत आत सटकतो. लॉकचं बटण गेटवर क्लिक केलं की दिसतं. मला ते कळायला चार वर्षं लागली, यावर हसू नका.

तर तुम्ही काय बदलावं? पहिल्या दहा मिनिटांत दगडाला हात लावू नका. लाकडी कुंपण आणि घरं यांनीच फटी बुजवा, अरेबियासारख्या उघड्या मॅपवर तरबेज लोकही तेच करतात. वाचलेल्या माणसांना शेतावर घाला आणि कॅसल एजला (गेममधल्या तिसऱ्या युगाला) लवकर पोचा. आणि मुख्य म्हणजे चार-पाच घोडेस्वार कायम बाहेर ठेवा. त्यांनी काही जिंकायचं नाही. त्याच्या लाकूडतोड्यांजवळ दिसायचं, एखाद-दुसरा मारायचा, पळायचं. त्याला रात्रभर कंदील घेऊन जागं ठेवायचं, बस. मग त्यालाही राखणीवर खर्च करावा लागतो आणि तुमच्या भिंतीने दिलेला वेळ खरोखर तुमचाच राहतो. पहिला कॅसल घराच्या मध्यभागी टाकायची सवयही सोडा. बाहेरच्या सोन्याच्या खाणीवर टाका. तिथे तो कुंपणही आहे आणि अतिक्रमणही.

गेममधल्या संस्कृतींपैकी बायझंटाइन घेऊन बघा. त्यांच्या इमारती जास्त टिकतात आणि भालेवाले, स्कर्मिशर (भालाफेके), उंट 25 टक्के स्वस्त पडतात. म्हणजे समोरचा काय आणतो ते बघून उत्तर देणाऱ्याला सोयीचे. कोरियनांचे टॉवर लांब मारतात खरे, पण तुमची आत्ताची सवय बघता तुम्हाला कोरियन देणं म्हणजे मधुमेह्याला पेढ्यांचा बॉक्स देणं.

आणि कधी नुसतंच तटाआड बसावंसं वाटलं, ऑनलाइनची कटकट नको, तर ‘दे आर बिलियन्स’ खेळा. स्पेनच्या न्युमेंटियन गेम्सने काढलेला, 2019 मध्ये पूर्ण स्वरूपात आला. समोर झॉम्बींचे लोंढे, आणि त्यातला एक जरी कुंपणातून आत शिरून एका घरापर्यंत पोचला तरी त्या घरातली सगळी माणसं झॉम्बी होऊन बाहेर पडतात, मग शेजारचं घर, मग गल्ली. चूक झाली म्हणून मागच्या सेव्हवर जाता येत नाही. साठ-सत्तर दिवस सांभाळलेली वसाहत एका विसरलेल्या कोपऱ्यापायी दोन मिनिटांत जाते. लाकूडतोड्यांना यातलं दुःख लवकर कळतं.

मी शनिवारी रात्री साडेदहानंतर असतो. ब्लॅक फॉरेस्ट लावू. तुम्ही आत बसा, मी ट्रेबुशे घेऊन येतो. गेटला कुलूप लावून ठेवा.