घरी राहिलेल्या वडिलांचं आजारपण आणि नाकारलेला प्रवास विमा

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोच्या परदेश सहलीच्या आठ दिवस आधी घरी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. ते बरे होतील या आशेवर आम्ही थांबलो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सहल रद्द केली. ‘पूर्वीपासूनचा आजार’ असं कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. वडिलांना रक्तदाब आहे हे खरं, पण अर्जात त्यांच्या प्रकृतीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. नकार येऊन आठ महिने झाले, ईमेल चालूच आहेत. आता काय करावं?

उत्तर : सुट्ट्यांचा मोसम संपला की असे प्रश्न येतात, आणि बहुतेकांत तुमचं हेच वाक्य असतं : ‘विचारलंच नव्हतं.’ ते खरं असेल, पण ते दुसऱ्याच आरोपाचं उत्तर आहे. तुम्ही माहिती लपवली असं कंपनी म्हणत नाही. तिने पॉलिसीतलं एक एक्सक्लूजन, म्हणजे कशासाठी पैसे मिळणार नाहीत हे सांगणारी अट, लावलं आहे. लपवाछपवीचा मुद्दा असता तर अर्जातले प्रश्न महत्त्वाचे ठरले असते. एक्सक्लूजनच्या बाबतीत फक्त अटीची भाषा महत्त्वाची, आणि तुमच्या पत्रात त्या अटीतलं एक वाक्यही उतरवलेलं नाही. पॉलिसी तुम्ही वाचलेली नाही, घेताना नाही आणि नकार आल्यावरही नाही. आठ महिने तुम्ही कशाच्या आधारावर ईमेल पाठवत होता?

आता पूर्ण पॉलिसी वर्डिंग, म्हणजे सगळ्या अटी छापलेला दस्तऐवज, उघडा. एकपानी सर्टिफिकेट नव्हे. ट्रिप कॅन्सलेशनच्या विभागाखालची एक्सक्लूजन आणि शेवटी दिलेली सर्वसाधारण एक्सक्लूजन, दोन्ही वाचा. शोधायचं एवढंच : पूर्वीपासूनचा आजार *कुणाचा* असला तर पैसे मिळणार नाहीत?

काही पॉलिसींत ही अट फक्त विमाधारक व्यक्तीच्या आजारापुरती असते. तुमचे वडील विमाधारक नाहीत. तुमच्या पॉलिसीत असं असेल तर त्यांच्या रक्तदाबाचा आधार घेऊन कंपनीला दावा नाकारता येणार नाही, आणि तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे. एक्सक्लूजन लागू होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि भाषा खरोखर संदिग्ध असेल तर तिचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावला जातो. दुसऱ्या काही पॉलिसींत मात्र साफ लिहिलेलं असतं की ज्या नातेवाइकाच्या प्रकृतीमुळे सहल रद्द झाली, तो प्रवास करणारा नसला तरी त्याचाही जुना आजार वगळला आहे. मग वाट अवघड आहे. तरीही ‘पूर्वीपासूनचा’ म्हणजे किती आधीपासूनचा, याची व्याख्या पाहा. मेडिक्लेमसाठी पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांची व्याख्या आहे, ती प्रवास विम्याला आपोआप लागू होते असं धरून चालू नका. तुमच्या पॉलिसीत काय छापलंय तेच खरं. काही ठिकाणी अमुक काळात औषध बदललं किंवा रुग्णालयात दाखल व्हावं लागलं असेल तरच आजार वगळला जातो. तसं असेल तर वडिलांच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या : रक्तदाब कधीपासून, औषध शेवटचं कधी बदललं, त्या काळात दाखल केलं होतं का. आहे ते लिहून घ्या, सोयीचं नको.

डिस्चार्ज कार्डही काढून ठेवा. कॅज्युअल्टीत घाबरलेल्या नातेवाइकाने ‘दहा वर्षांपासून बीपी’ असं सांगितलेलं असतं, तेच कार्डावर उतरतं, आणि कंपनीचा सगळा डोलारा त्याच ओळीवर उभा असतो. जुने केसपेपर वेगळं सांगत असतील तर ते जोडा.

मनमोहन नंदा खटल्याचा दाखला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाच्या पॉलिसीचा नाकारलेला दावा ग्राह्य धरला. पण तिथे आजार प्रवाशाचा स्वतःचा होता आणि मधुमेह त्याने सांगितलेला होता. तुमच्या प्रकरणाला तो थेट लागू होईल असं मी म्हणणार नाही. उपयोगाचा दाखला वेगळा आहे : नकारपत्रात जे कारण दिलं नाही ते कंपनीला नंतर खटल्यात पुढे करता येत नाही, असं त्याच न्यायालयाने २०१६ च्या गलाडा पॉवर प्रकरणात आणि नंतर पुन्हा म्हटलं आहे. म्हणून ते नकारपत्र जपा.

रद्द करायला लावलेल्या उशिराचा तुम्हाला फटका बसू शकतो. दाखल केलं त्याच दिवशी रद्द केलं असतं तर जेवढं नुकसान झालं असतं तेवढंच देऊ, असं कंपनी म्हणू शकेल. विमान कंपनीने वैधानिक कर परत केले का, हेही तपासा. तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी ते परत मिळायला हवेत, आणि दावा उरलेल्या रकमेचाच करता येईल.

आता मुदत. ईमेल चालू ठेवले म्हणून मुदत वाढत नाही. विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तुमचे ईमेल तक्रार म्हणून धरले जातील की नाही हे त्यांच्या मजकुरावर अवलंबून आहे. धोका पत्करू नका. या आठवड्यात कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अटीचा उल्लेख करून एक नीट पत्र पाठवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर लोकपाल गाठा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि भरलेला प्रीमियम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मात्र निकालासाठी कायद्यात लिहिलेल्या तीन महिन्यांवर विसंबू नका. तारखांवर तारखा पडतात, कंपनीचा वकील मुदत मागतो, ती दिली जाते, आणि सामान्य माणूस कंटाळून तडजोडीला तयार होतो. हे चीड आणणारं आहे, आणि तुमच्या प्रकरणात ते टाळता येण्यासारखं आहे. आधी आयोगात गेलात तर त्याच वादावर लोकपाल तक्रार घेणार नाहीत, म्हणून क्रम उलटा करू नका.

अट वाचल्यावर ती दुसऱ्या प्रकारची, म्हणजे नातेवाइकाचाही जुना आजार वगळणारी, निघाली आणि व्याख्येतही सवलत नसेल, तर वकिलावर पैसे घालू नका. लोकपालाकडे एक अर्ज करा आणि तिथे थांबा.