सहा वर्षं जुनी सीव्हीटी गाडी घ्यावी का? गिअरबॉक्स गेला तर वॉरंटी कामाला येते का?

तुमचा प्रश्न वाचला. २०१९ ची सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) हॅचबॅक, ६२ हजार किलोमीटर झालेत, मालक म्हणतो एकदम टकाटक आहे आणि तुमच्या घरचे म्हणतात सीव्हीटीला हात लावू नको, गिअरबॉक्स गेला की दोन लाख गेले. बरोबर ना? हे शेवटचं वाक्य मी गेली काही वर्षं आमच्या साडूंच्या तोंडून प्रत्येक लग्नात, बारशात आणि गणपतीत ऐकतोय म्हणून लिहायला बसलो, एरवी मी इथे नुसतं वाचत असतो.

सरळ सांगतो, सीव्हीटी वाईट नाही. तिचं ऑइल बदलू नका म्हणून सांगणारे लोक वाईट.

माझी गाडी ऑगस्ट २०१७ ची. कंपनीचं नाव घेत नाही, गाडी अजून माझ्याकडेच आहे आणि मला त्यांच्याशी परत भांडायचं नाही. दोन वर्षांची मूळ वॉरंटी आणि वर तीन वर्षांची एक्सटेंडेड मी पहिल्याच दिवशी पैसे भरून घेतली होती. ऑफिस हिंजवडीला, घर सिंहगड रोडला, म्हणजे रोज दोन-अडीच तास ब्रेकवर पाय, त्यामुळे क्लचवाली गाडी मला नकोच होती. चार वर्षं काही त्रास नाही. मग २०२१ च्या दिवाळीनंतर २५-३० च्या स्पीडला एक थरथर सुरू झाली, रस्त्यावरच्या रम्बल पट्ट्यांवरून गेल्यावर होते ना तशी, जेमतेम दोन सेकंद. दोनदा सर्व्हिस सेंटरला दाखवली. एकदा म्हणाले पेट्रोल खराब असेल, एकदा म्हणाले इंजिन माउंटिंग असेल, पुढच्या सर्व्हिसला बघू. ट्रायलला बरोबर कोणी बसलंच नाही.

डिसेंबरमध्ये महाबळेश्वरला निघालो. मी, बायको, दोन पोरं आणि आई, आईचं वय तेव्हा ७४. डिकी भरलेली. वाई सोडून पसरणी घाटाला लागलो आणि चार-पाच वळणं झाली नसतील तोच आरपीएम साडेचार हजारावर आणि गाडी १५ च्या वर जाईना, नुसती ओरडतेय, वास यायला लागला, मग डॅशबोर्डवर दिवा. कशीबशी कडेला घेतली. आईचे गुडघे दुखतात, ती बिचारी कठड्यावर बसून राहिली. एका पिकअपवाल्याने थांबून विचारलं, दोर आहे, टोचन करून खाली वाईपर्यंत सोडतो. भला माणूस होता. साडूंना फोन केला तर तेही म्हणाले अहो बांधा दोर आणि या खाली, कशाला वाट बघत बसता. मी नाही म्हणालो. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही, आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की आतले भाग कोरडे घासतात, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, यायला तीन तास लागले. आई एक शब्द बोलली नाही, बायको मात्र बोलली आणि तिचं चुकीचं नव्हतं, आईला त्या थंडीत तीन तास बसवलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या दिवशी दोर बांधला असता तर पुढचं सगळं हरलो असतो, कारण सर्व्हिस सेंटरने गाडी उतरवताना पहिला प्रश्न हाच विचारला, आणली कशी?

आठ दिवसांनी निरोप आला, क्लेम रिजेक्ट. कारण काय, तर ऑइल जळून काळं झालंय आणि शेड्यूलप्रमाणे बदललेलं नाही. एस्टिमेट १ लाख ९४ हजार. माझं डोकंच सणकलं. फेब्रुवारी २०२० मध्ये ४० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसला मी स्वतः विचारलं होतं की सीव्हीटी ऑइल बदलायचं का, आणि अॅडव्हायझर म्हणाला होता लाइफटाइम आहे साहेब, उगाच खर्च. घरी येऊन सगळी कागदं काढली, रात्री बारापर्यंत शोधत होतो, आणि ते जॉब कार्ड (सर्व्हिसला गाडी देताना भरतात तो कागद) सापडलं. कस्टमरच्या तक्रारीच्या रकान्यात त्या अॅडव्हायझरच्याच अक्षरात, "सीव्हीटी ऑइल बदलणे?" आणि पुढे "गरज नाही". खाली त्याची सही. आणि त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर एक वेगळा तक्ता होता, घाट, ट्रॅफिक, धूळ, उष्ण हवामान असेल तर ४० हजार किलोमीटरला ऑइल बदला. आता मला सांगा, पुण्यात यातलं काय नाही?

दोन्हीचे फोटो काढून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, डीलरला नाही, थेट कंपनीला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (आता तिचा नंबर १९१५) तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा नंबर पुढच्या मेलमध्ये टाकला. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी ठेवली होती, अर्जाचा मसुदाही केला होता. पाच आठवड्यांनी गिअरबॉक्स नवीन बसवून मिळाला, मजुरी आणि ऑइल धरून माझे २३ हजार गेले. पूर्ण न्याय नाही, पण १ लाख ९४ हजारही नाही.

साडूंचं म्हणणं आजही तेच, बघ, सीव्हीटीने धोका दिला की नाही. मी म्हणतो, तुमच्या मॅन्युअल गाडीची क्लच प्लेट ५५ हजार किलोमीटरला बदलली तेव्हा तुम्ही म्हणालात झीज आहे, ट्रॅफिकमध्ये होतंच. मग माझ्या गाडीचं ऑइल ट्रॅफिकमध्ये झिजलं तर तो गिअरबॉक्सचा दोष कसा? नवीन बॉक्स बसल्यानंतर मी आणखी ५७ हजार किलोमीटर चालवलीय, एकूण १ लाख ८ हजार झालेत, मध्ये वेळेवर ऑइल बदललं, पसरणीच काय आंबेनळी पण चढून झाली. थरथर नाही, आवाज नाही.

ऑइलचं एवढं का, तर आत दोन पुली आणि मधे शेकडो पातळ पोलादी तुकड्यांचा पट्टा. पुली दोन्ही बाजूंनी ऑइलच्या दाबाने तो पट्टा दाबून धरते, दात वगैरे काही नसतात, सगळा खेळ पकडीचा. ऑइल म्हातारं झालं की पकड कमी, पट्टा घसरतो, पुलीला चरे पडतात आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये फिरत राहतो. म्हणून याचं ऑइल वेगळं असतं. होंडाचं एचसीएफ-२, निस्सानचं एनएस-३, प्रत्येकाचं आपापलं. बाहेरच्या मेकॅनिकने साधं ऑटोमॅटिकचं ऑइल ओतलं की संपलं. आणि तत्त्व काही नवीन नाही, डाफ या डच कंपनीने १९५८ मध्ये गाडीत आणलं, आपल्याकडे कायनेटिक होंडापासून आजच्या अॅक्टिव्हापर्यंत गिअर नसलेल्या स्कूटर याच तत्त्वावर चालतात, फक्त तिथे रबरी बेल्ट कोरडा चालतो. त्या स्कूटरचा बेल्ट बदलताना कोणी स्कूटरला शिव्या देत नाही.

हां, एक मान्य करायला हवं, आणि हे साडूंनाही मी मान्य केलंय. सगळंच ऑइलवर ढकलता येणार नाही. अमेरिकेत निस्सानला २००३ ते २०१० च्या गाड्यांच्या सीव्हीटीची वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली होती, ती काय मालकांच्या चुकीमुळे नाही. तेव्हा मॉडेल कुठलं ते बघाच. आणि टोयोटाच्या हायक्रॉस किंवा हायरायडर हायब्रिडवर ई-सीव्हीटी लिहिलेलं असतं तो प्रकार पूर्ण वेगळा, त्यात पट्टाच नसतो, माझं वरचं काही त्याला लागू नाही.

तुमच्या गाडीबद्दल. ट्रायल दहा मिनिटांची घेऊ नका. गाडी थंड असताना सुरू करा, मग चांगली पाऊण तास चालवा, जमलं तर कात्रज घाट चढवा, आणि गरम झाल्यावर २० ते ४० च्या स्पीडला हलका अॅक्सिलरेटर देऊन बघा थरथर येते का. आरपीएम वर जाऊन गाडी मागे राहत असेल किंवा शिट्टीसारखा आवाज असेल तर तिथेच नमस्कार. थोडा रबरासारखा ताण सीव्हीटीत असतोच, त्याला घाबरू नका. पुराच्या पाण्यात उभी राहिली होती का ते इन्शुरन्सच्या क्लेम हिस्टरीवरून काढा, पाणी शिरलं की वॉरंटी हात वर करते. वॉरंटी शिल्लक असेल तर ती तुमच्या नावावर ट्रान्सफर होते का ते डीलरला नाही, कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी बोललेलं काही धरू नका, मी एका जॉब कार्डावर वाचलो.

मालकाकडून ४० हजार किलोमीटरच्या सर्व्हिसचं बिल मागा. त्यात सीव्हीटी ऑइलची ओळ असेल तर मॉडेलचं नाव आणि बिलाचा फोटो खाली टाका, ऑइल बरोबर ग्रेडचं घातलंय का ते मी बघून सांगतो. बिलच नाही म्हणाला तर टोकन देऊ नका.