असईची लढाई जिंकणारा वेलस्ली आणि ब्रिटनचा पंतप्रधान वेलिंग्टन एकच का?

हो, एकच; वेलिंग्टन हे त्याला पुढे मिळालेल्या ड्यूक या किताबातलं नाव. आर्थर वेलस्ली, जन्म १७६९, आयर्लंडमधल्या प्रोटेस्टंट उमराव घराण्यातला. फौजेत असतानाच १७९० मध्ये तो ट्रिममधून आयरिश संसदेत गेला. भारतात थोरला भाऊ गव्हर्नर जनरल, म्हणजे वशिला होताच. पण २३ सप्टेंबर १८०३ ला असईत शिंद्यांच्या तोफांसमोर वशिला कामाचा नव्हता. माणसं खूप गमावून तो जिंकला, आणि नेपोलियनला हरवलेल्या वॉटर्लूच्या लढाईनंतरही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचंच नाव घ्यायचा.

१८२८ मध्ये पंतप्रधान झाला. मला त्याचं १८२९ हे वर्ष सर्वात रंजक वाटतं. कट्टर टोरी, म्हणजे परंपरावादी पक्षाचा, असूनही त्याने कॅथलिकांना संसदेत बसू देणारा कायदा करवून घेतला, कारण नाहीतर कॅथलिकबहुल आयर्लंडमध्ये यादवी पेटेल ही भीती. राजा चौथा जॉर्ज कुरकुरत होता, त्यालाही नमवलं. लॉर्ड विंचिल्सीने गद्दारीचा आरोप केला, तर पंतप्रधान महाशय लंडनजवळच्या बॅटरसीला पिस्तूल घेऊन द्वंद्वाला हजर! कुणालाच गोळी लागली नाही. विंचिल्सीने माफी मागितली.

मतदान सुधारणेला मात्र त्याने साफ नकार दिला आणि १८३० मध्ये सरकार पडलं. पुढच्या वर्षी जमावाने त्याच्या लंडनच्या घराच्या काचा फोडल्या.