नळी पुसायची, पण कधी?

प्रश्न : माझी मुलगी 17 वर्षांची आहे, पॉइंट टू टू रायफलने 50 मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, आडवं पडून, उभं राहून) खेळते. राज्य स्पर्धेआधी तिच्यासाठी काडतुसांचा लॉट (एकाच वेळी बनलेला साठा) निवडायचा आहे. दोन कंपन्यांचे मिळून पाच लॉट हाताशी आहेत, प्रत्येकाची एकेक डबी. रेंजवरची सीनियर मुलं म्हणतात, दर लॉटनंतर नळी साफ केली तरच चाचणी खरी. दुसरे एक काका म्हणतात, हजार राउंड होईपर्यंत नळीला हातच लावू नका. कोणाचं ऐकायचं?
— एक बाबा, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चाचणीपुरतं दोघांचंही ऐकू नका. तुमच्या पाच लॉटच्या चाचणीत नळी दोनदाच साफ होईल. एकदा सुरुवातीला आणि एकदा कंपनी बदलताना.

कारण साधं आहे. पॉइंट टू टूची गोळी उघड्या शिशाची असते आणि तिला मेणाचा किंवा ग्रीसचा हात लावलेला असतो. बोटात धरली तर चिकटपणा लगेच कळतो. दर गोळीमागे त्याचा पातळ थर नळीत बसतो. कोरड्या, स्वच्छ नळीतल्या पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे जातात. थर सगळीकडे सारखा झाला की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, आवळतो. कोणाची नळी पाच गोळ्यांत ठिकाणावर येते, कोणाची पंधरा घेते. एकाच कंपनीच्या दोन लॉटना ग्रीस बहुधा तेच असतं, मग मध्ये नळी पुसून बसलेली घडी मोडायची कशाला? कंपनी बदलली की ग्रीसही बदलतं, आणि जुन्यावर नवं सरमिसळ होत राहतं. तिथे मात्र साफ करा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलासाठी चार लॉट तपासायला बसलो होतो. शिस्तीचा माणूस मी, दर लॉटनंतर सॉल्व्हंट, ब्रश, चिंधी, मग तीन गोळ्या वाया घालवून पाच-पाचचे दोन ग्रुप. तिसऱ्या लॉटच्या वेळी चिंध्या संपल्या म्हणून तसाच पुढे गेलो. आणि नेमका तोच लॉट पहिला आला! त्याची हजार काडतुसं घेतली, पैसे अर्थात पोराच्या वडिलांचे. पुढे चारही लॉट एकसारख्या नळीतून तपासले, तेव्हा तो तिसरा निघाला. जिंकला होता तो लॉट नव्हे, न पुसलेली नळी.

आता तुमची डबी 50 ची. पहिली 10 काडतुसं नळीसाठी, त्यांचे ग्रुप मोजायचे नाहीत. उरलेल्या 40 चे दहा-दहाचे चार ग्रुप. पाचाच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका, पाच गोळ्या नशिबानेही एका भोकात जातात. पहिल्या लॉटच्या मात्र दोन डब्या मिळवा. त्या कंपनीचे लॉट संपले की, नळी साफ करण्याआधी, त्याच लॉटचे शेवटी आणखी दोन ग्रुप काढा. सुरुवातीपेक्षा ते बरेच वेगळे आले तर मधल्या काळात वारा, हात किंवा नळी बदलली, आणि त्या दिवसाचा सगळा हिशेब बाजूला ठेवा.

मुलीला आडवी झोपवून, पट्टा लावून तपासू नका. तिची चूक कुठली आणि काडतुसाची कुठली, ते कळणार नाही. टेबल, वाळूच्या पिशव्या, दुर्बीण, आणि रायफल दर वेळी पिशवीवर त्याच जागी. लॉट बदलला की गोळ्या वर-खाली सरकतील. साइट फिरवू नका, आपल्याला ग्रुपचा आकार हवाय, जागा नकोय. एका ग्रुपच्या मध्येच फोन घेऊ नका. दहा मिनिटं थांबलं की पुढची पहिली गोळी कधीकधी बाहेर जाते. समुद्राचा वारा सुटायच्या आत, सकाळीच उरका. आणि डब्या दुपारी बंद गाडीत ठेवू नका, ठाण्याच्या मेमध्ये गोळीवरचं मेण पातळ होऊन काडतुसं हाताला तुपकट लागतात.

मोजमाप असं : 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळी 5.6 ची, आणि गोळीची कड वर्तुळाला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत 16 मिलिमीटर व्यासाच्या गोल घेरात बसलेला ग्रुप कागदावर सगळे दहा देऊ शकतो. टेबलावरूनच 20 चा घेर येणारा लॉट तिला घेऊन देऊ नका. उभं राहून ती स्वतःची काही मिलिमीटर भर घालणारच आहे.

साफ कशी करायची तेही सांगतो, कारण नळ्या जितक्या गोळ्यांनी झिजतात त्याहून जास्त गजाने खराब झालेल्या मी पाहिल्यात. आधी चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी पाहा, मग बोल्ट काढा. गज मागून घाला, तो सरळ ठेवणारं गाइड लावून. तोंडाकडून कधीच नाही. तोंडाची कड घासली गेली की कुठलाच लॉट बरा लागत नाही. चिंधी पुढून बाहेर आली की काढून टाका, तीच मागे ओढू नका. सॉल्व्हंटच्या दोन चिंध्या, थोडं थांबणं, मग कोरड्या चिंध्या, त्या स्वच्छ येईपर्यंत. चेंबर वेगळं पुसा, तिथे तेल राहिलं की पहिल्या गोळ्या वेड्यावाकड्या जातात. चिंधी जुन्या सुती बनियनची उत्तम. शेवटी हात साबणाने धुवा, शिसं आहे ते.

हजार राउंडवाल्या काकांनाही एक सांगा. पॉइंट टू टूसारख्या रिमफायर काडतुसाच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी देणाऱ्या मसाल्यात, बऱ्याचदा काचेची बारीक पूड असते. ती आणि जळकी काजळी चेंबरच्या लगेच पुढे, खालच्या बाजूला, कडक होऊन बसते. ती उशिरा काढायला गेलं की दमवते. चाचणी नसेल तेव्हा मी दर सरावानंतर हलकी साफसफाई करतो.

प्रश्न : दहा मीटर एअर रायफलचे पेलेट तपासतानाही हेच करायचं का?
— ऐरोली

उत्तर : नाही. बारूद नाही, काजळी नाही. साफसफाईला कोरडी फेल्टची गोळी अधूनमधून पुरे, तीही उत्पादकाने चालते म्हटलं असेल तर. स्प्रिंगच्या रायफलीत नळीत तेल अजिबात नको. पेलेट तपासताना 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर असे डोक्याचे माप वेगवेगळे घ्या, फरक तिथे दिसेल.

प्रश्न : पावसाळ्यात नळी गंजते, काय करू?
— वाशी

उत्तर : फोमच्या पेटीतून बाहेर काढा. फोम ओल धरतो. पातळ तेलाची चिंधी फिरवून कपाटात उभी ठेवा, सोबत सिलिकाची पुडी. आमच्या नेरुळला जुलैत ती पुडी आठवड्यात निळ्याची गुलाबी होते. तव्यावर मंद आचेवर तापवली की पुन्हा निळी. तवा वेगळा ठेवा, घरी ऐकून घ्यावं लागतं. आणि रेंजवर जाताना नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका.