भावोजींचा दोरा आणि उत्तरेचा समुद्र

‘आर्क्टिकचा बर्फ वितळून नवा जलमार्ग खुला झाला, तर सुएझ ओस पडून मुंबई-कोकणातील बंदरे मागे पडतील का?’ असे आपण विचारले आहे. थेट उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु हाच प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान गुहागरच्या घरी दर गणपतीत उकरून काढतात, त्यामुळे तेवढ्यावर थांबणे मला जमणार नाही.

भावोजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत. एका वर्षी त्यांनी हाराचा दोरा पृथ्वीच्या गोलावर योकोहामापासून रॉटरडॅमपर्यंत ताणून दाखवला: सुएझमार्गे सुमारे वीस हजार किलोमीटर, रशियाच्या उत्तरेकडून सुमारे तेरा हजार. आकडे बरोबरच होते. मी म्हटले, आता दोऱ्याचे टोक मुंबईवर ठेवा. मुंबईहून सुएझमार्गे रॉटरडॅम बारा हजारांच्या आत आहे. उलट मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून जपानपर्यंत चढायचे आणि मग उत्तरेला वळायचे, तर अंतर जवळजवळ दुप्पट होते. त्यावर ते म्हणाले, “तू जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये होतास, तुला समुद्र कुठे दिसला?”

बर्फ खरा कळतो तो इंजिनरूममध्येच. एका फेब्रुवारीत आम्ही रशियाच्या अर्खांगेल्स्क बंदरातून लाकूड घेऊन श्वेत समुद्रातून निघालो होतो. पुढे बर्फफोडे जहाज आणि त्याने फोडलेल्या वाटेत तरंगणारा बर्फाचा लगदा. तो लगदा समुद्राच्या पाण्याबरोबर आत ओढला गेला, यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब घसरला आणि जनरेटरचे तापमान चढू लागले. गाळणी उघडली, तर ती खोवलेल्या नारळासारख्या बर्फाने गच्च भरलेली होती. आळीपाळीने दोन्ही गाळण्या उपसत आम्ही रात्र काढली. शेवटी इंजिनातून परतणारे गरम पाणी सी-चेस्टमध्ये, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या तळाच्या पेटीत, वळवले, तेव्हा कुठे दाब सावरला. दोऱ्याला गाळणी नसते.

शिवाय या उत्तरेकडच्या वाटेचा पहारेकरी रशिया आहे. बर्फाच्छादित पाण्याविषयीच्या सागरी कायद्यातील २३४ व्या कलमाचा आधार घेऊन तो परवानगी सक्तीची करतो, आणि अमेरिकेला ते मान्य नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात बर्फ लवकर धरला आणि वीसहून अधिक जहाजे अडकली. २०२४ मध्ये या मार्गाने सुमारे ३.८ कोटी टन माल गेला आणि त्यात बहुतांश रशियाचेच तेल-वायू होते. सुएझमधून २०२३ मध्ये शंभर कोटी टनांहून अधिक गेला. तांबड्या समुद्रात येमेनमधील हूथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर कंटेनर कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालणे पसंत केले, उत्तरेकडे त्या वळल्या नाहीत. माझ्या मते वादाचा निकाल तिथेच लागला.

तरीही आर्क्टिकशी आपले देणेघेणे नाही, असे मी म्हणत नाही. भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे, आर्क्टिकभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेत २०१३ पासून निरीक्षकाचे स्थान आहे, आणि चेन्नईहून रशियाच्या अतिपूर्वेकडील व्लादिवोस्तोक बंदराकडे जाणारा मार्ग वाढला, तर पूर्व किनाऱ्याचे गणित थोडे वेगळे होऊ शकते. तरंगता बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही, पण ग्रीनलंडचा जमिनीवरचा बर्फ ती वाढवतो. म्हणून काळजी करायचीच असेल, तर बंदरांपेक्षा खाडीकाठच्या खाजण शेतीची आधी करावी.

भावोजी हे उत्तर वाचतीलच. यंदाचा दोरा मुंबईपासून सुरू व्हावा, एवढी माझी अट आहे.