एका चित्रावर चार संध्याकाळी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

डिजिटल इलस्ट्रेशन शिकताना पिंटरेस्टवर पाहण्यासाठी तीन हजारांवर चित्रं जमली आहेत आणि तरी कोरा कॅनव्हास उघडला की हात अडतो, असं तू लिहिलंस. आणखी कोणत्या साइट पाहू, हा तुझा प्रश्न. साइट सांगेनच, पण आधी त्या तीन हजारांचं काय करायचं ते ठरवू.

अशा बोर्डांवर दोन गोष्टी हमखास बिघडतात. चित्र हातोहात फिरत येतं, दर वेळी लहान होतं, त्याचा तपशील उडतो आणि चित्रकाराचं नावही गळून पडतं. दुसरं म्हणजे तू जे पाहतेस त्याच्यासारखंच पुढे दाखवलं जातं. एका साच्यातला चेहरा दोनदा उघडलास की तिसऱ्यांदा तोच समोर येतो, आणि महिन्याभरात नजर एका गल्लीतून बाहेर पडेनाशी होते.

म्हणून त्यातली फक्त २० निवड. प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिही. 'मस्त आहे' हे कारण नव्हे. 'उजेड मागून, चेहरा सावलीत, तरी डोळे वाचता येतात' हे कारण. मग गुगल लेन्स किंवा टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या साधनांनी मूळ चित्र शोध. टिनआयवर निकाल आकारमानानुसार लावता येतात, त्यात सर्वात मोठी प्रत घ्यायची. चित्रकार सापडलाच नाही तर ते चित्र सोडून दे. उरलेली चित्रं प्युअररेफ या संदर्भचित्रं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांड, म्हणजे काम करताना ती पडद्याच्या कडेला उघडी राहतील. फाइलच्या नावात चित्रकार, चित्र, साल आणि कुठून घेतलं एवढं असू दे. सहा महिन्यांनी तुला ते लागणार आहे.

आता चांगल्या चित्रांच्या खाणी कुठे आहेत ते. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ साली स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रं 'सीसी झिरो' परवान्याखाली, म्हणजे कुणालाही विनाअट वापरता येतील अशी, खुली केली. शोधताना 'ओपन ॲक्सेस'ची खूण लावायची आणि डाउनलोड करायचं. शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि २०२० पासून स्मिथसोनियन हेही असंच देतात. तिथली जपानी लाकूडठसा चित्रं तू अवश्य पाहा, विशेषतः हिरोशिगेची. सपाट रंग, एकच ठाम रेषा आणि आकाशात वरून खाली विरत जाणारी छटा. तू ग्रेडियंट टूलने (एका रंगातून दुसऱ्यात विरणारी छटा भरणाऱ्या साधनाने) जे करतेस ते तिथे ओल्या ठशावर हाताने रंग पुसून केलेलं आहे, आणि म्हणूनच ते कधी यांत्रिक दिसत नाही.

आपल्याकडचंही भरपूर आहे. रविवर्मा प्रेस १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापात एकेका रंगाला स्वतंत्र दगड लागे, एकावर एक छापून चित्र पुरं होई. लेअर, म्हणजे डिजिटल चित्रातले एकावर एक ठेवलेले थर, समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मोठी प्रत उघडून गालापाशी झूम कर, ठिपके वेगवेगळे दिसू लागतील. यातली काही छापचित्रं मेटच्या संग्रहात आहेत, विकिमीडिया कॉमन्सवरही आहेत. कॉमन्सवर मात्र लहान प्रतिमा न घेता 'मूळ फाइल' घे आणि खाली ती कुठून आली ते वाच. काही स्कॅनचे रंग कुणीतरी भडक केलेले असतात, काहींत जुना कागद पिवळा पडलेला असतो. एकाच चित्राचे दोन स्कॅन शेजारी ठेवलेस तर फरक लगेच कळेल.

आणि मुंबईचे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). इलस्ट्रेशन शिकणाऱ्या मराठी मुलांनी त्यांच्यापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. बाजारातली, घाटावरची, लग्नघरातली माणसं, त्यांची पागोटी, लुगडी, उभं राहण्याच्या तऱ्हा, आणि हे सगळं थोडक्या रेषांत. ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातली चित्रं त्यांची आहेत. ते पुस्तक इंटरनेट अर्काइव्हवर शोध.

यातलं कोणतंही एक चित्र घे आणि त्याला चार संध्याकाळी दे.

पहिल्या संध्याकाळी फक्त टोन, म्हणजे कुठे किती उजेड आणि कुठे किती गडद. ६०० × ८०० पिक्सेलचा कॅनव्हास, एक कडक गोल ब्रश, तीनच करडे: फिका, मधला, गडद. चित्र तळहाताएवढं दिसेल इतकं झूम कमी ठेव. एका रेखाटनाला २० मिनिटं, अशी तीन. बिघडतं ते इथेच: पाचव्या मिनिटाला झूम करून डोळे काढायचा मोह होतो, आणि मग अख्ख्या चित्रात उजेड कुठून येतो हेच हरवतं. झूम बदलायचं नाही, एवढा एकच नियम पाळ.

दुसऱ्या संध्याकाळी बांधणी. चित्रावर नवा लेअर घेऊन खांद्यांची आणि कमरेची तिरकस रेघ, पाठीचा कणा आणि भार ज्या पायावर आहे तो पाय, एवढं आख. मग शेजारच्या कोऱ्या जागेत तीच आकृती नजरेने काढ आणि काढून झाल्यावर ५० टक्के पारदर्शक करून मुळावर ठेव. बहुतेकांचं डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. तुझं कुठे चुकतं ते लिहून ठेव, कारण ती चूक पुढच्या चित्रातही तशीच येणार. नुसतं गिरवून हे कधीच कळत नाही.

तिसरी संध्याकाळ रंगांची, आणि सर्वात कठीण. आधी डोळ्यांनी अंदाज करून रंग लाव, मगच आयड्रॉपरने (चित्रातला नेमका रंग उचलणाऱ्या साधनाने) तपास. पांढऱ्या लुगड्याच्या सावलीत जो निळा दिसतो, तिथे ड्रॉपर टाकला की बऱ्याचदा करडा निघतो. शेजारच्या उबदार रंगामुळे तो निळा भासतो. आधीच ड्रॉपरने रंग उचलत गेलीस तर चित्र हुबेहूब होईल आणि तू काहीच शिकणार नाहीस. टोन तपासताना रंग काढून टाकणाऱ्या 'डिसॅच्युरेट'वर विसंबू नकोस: फोटोशॉपमध्ये तो शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही एकाच करड्यात बदलतो, जे डोळ्याला कधीच तसं दिसत नाही. त्याऐवजी सगळ्यात वर काळ्या रंगाने भरलेला लेअर ठेव आणि त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या थरांत मिसळण्याची पद्धत) 'कलर' कर. पाहायचं असेल तेव्हा चालू, नाही तेव्हा बंद.

चौथ्या संध्याकाळी मूळ चित्र बंद कर. त्यातली एकच गोष्ट उचल, उजेडाची दिशा किंवा रंगांचं प्रमाण, आणि विषय तुझा घे: एसटी स्टँडवर पिशव्या सांभाळत बसलेली बाई, क्लासच्या जिन्यातली मुलं, काहीही. ही संध्याकाळ लोक गाळतात, कारण पहिल्या तीन दिवसांचं काम देखणं दिसतं आणि हे अडखळतं. तू गाळू नकोस.

मानवाकृतीच्या जलद सरावासाठी 'लाइन ऑफ ॲक्शन' आणि 'क्विकपोझेस' या साइट चांगल्या आहेत: दहा पोझ ३० सेकंदांच्या, पाच एका मिनिटाच्या, दोन पाच मिनिटांच्या, इतकं रोज पुरे. पण नऊवारीचा काष्टा, धोतराच्या निऱ्या, डोक्यावर पाटी घेतल्यावर ताठ होणारी मान, हे तिथे शोधत बसू नकोस. त्यासाठी घरातल्या माणसांना उभं कर, त्यांची परवानगी घेऊन फोटो काढ. मोबाइल जवळ नेलास तर नाक आणि हात फुगतात, म्हणून दोन-तीन मीटर मागे जा आणि २ एक्स झूम वापर. ट्यूबलाइट बंद, एका बाजूची खिडकी उघडी. दोन बाजूंनी उजेड आला की घडीची सावलीच उरत नाही आणि काढायला काही राहत नाही.

ऑनलाइन शिकवण्यांपैकी एकच धर. हात बसलेला नसेल तर 'ड्रॉअबॉक्स'. त्यातले २५० खोके काढणं कंटाळवाणं वाटेल, पण पर्स्पेक्टिव्ह त्यानेच अंगात मुरतं. त्यांचा अर्धा वेळ आवडीचं काढण्याचा नियमही तितकाच पाळ. डिजिटल रंगकामासाठी 'कंट्रोल पेंट'चे मोफत व्हिडिओ, शरीररचनेसाठी 'प्रोको'. तिन्ही एकदम सुरू केलीस तर एकही पुरी होणार नाही.

सॉफ्टवेअर म्हणशील तर क्रिटा हे चित्रकामाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि तुझ्या गरजेला पुरून उरेल. ब्रशचे संच गोळा करू नकोस. एक कडक, एक मऊ, एक खरबरीत, बस. फ्रेंच चित्रकार डेव्हिड रेव्हॉय आपल्या 'पेपर अँड कॅरट' या वेबकॉमिकच्या क्रिटा फाइली लेअरसकट मोफत देतात. एक पान उतरवून घे आणि एकेक लेअर बंद करत खालपर्यंत जा. व्यावसायिक माणूस फाइल कशी रचतो ते तासाभरात दिसेल.

दिवाळी अंकाचं काम करायचंय म्हणालीस, त्यासाठी हे ध्यानात ठेव. ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेल. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड, धरून २५५१ × ३५७९. हा आकार पहिल्या रेघेआधी ठरव, मागाहून मोठं केलेलं चित्र छपाईत धूसर होतं. झगझगीत निळा आणि पोपटी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, मरतो, म्हणून अंतिम रंग ठरवण्याआधी सॉफ्ट प्रूफ (छपाईतले रंग पडद्यावर दाखवणारी सोय) पाहा.

अक्षरांचं तर फार जपायला हवं. इतकी सुंदर चित्रं आणि त्यावर वेलांटी भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली, हे पाहून जीव तुटतो. फोटोशॉपची आवृत्ती जुनी असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवड. इलस्ट्रेटरमध्ये त्याच विभागात 'शो इंडिक ऑप्शन्स'. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरसंस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' पाहा, गुगल फॉन्ट्सवर खुल्या परवान्याने मिळतात. छापखान्यात देताना अक्षरांची आउटलाइन कर, म्हणजे त्यांचे आकार करून टाक, पण मजकूर बदलता येईल अशी प्रत स्वतःकडे ठेव. आणि 'र्‍या', 'ष्ट्र', 'द्ध' मोठे करून दोनदा वाच.

हक्कांबद्दल थोडक्यात. भारतात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. धुरंधर म्हणूनच २००५ पासून खुले आहेत, पण चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, त्यांची चित्रं २०३१ अखेरपर्यंत नाहीत. घरी सरावाला कुणाचंही चित्र काढ. ते लोकांपुढे ठेवताना 'अमुक यांच्या चित्रावरून अभ्यास' असं लिही, आणि हयात चित्रकार असेल तर आधी विचार. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) परवान्यात 'बाय' म्हणजे नाव देणं बंधनकारक, 'एनसी' म्हणजे पैशाच्या कामात वापरायचं नाही, 'एनडी' म्हणजे बदल करून प्रसिद्ध करायचं नाही. दिवाळी अंकाचं मानधन मिळणार असेल तर 'एनसी' चित्राला हात लावू नकोस.

पहिल्या चार संध्याकाळी झाल्या की चारही फाइली पाठव, चौथी कितीही अपुरी असली तरी. दुसऱ्या दिवशीचा तो ५० टक्के पारदर्शक लेअर काढून टाकू नकोस, मला तो आधी पाहायचा आहे.