मिग-२१चं अचूक मॉडेल बनवायला सुरुवात कुठून करू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आपल्या हवाई दलाच्या मिग-२१चं १/७२ स्केलमधलं अगदी अचूक मॉडेल करायचंय, तर किट कोणतं घेऊ, रंग कोणते, आणि पॅनेल लाईन, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या रेघा, नीट उठून दिसाव्यात म्हणून काय करू. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला शेवटची मिग-२१ निवृत्त झाली, तेव्हापासून असे प्रश्न फार यायला लागलेत. पहिल्या दोनांवर इथे आधीच ढीगभर लिहिलेलं आहे, मी गप्पच बसलो असतो. पण तिसऱ्या प्रश्नानं माझ्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवलंत.

पॅनेल लाईन उठून दिसाव्यात म्हणून काहीही करू नका. दिसू नयेत म्हणून करा.

हे मी कोणाच्या जोरावर बोलतोय ते सांगतो. माझे वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, फिटर होते. १९६९ ला लागले, २००६ ला निवृत्त झाले. आधी मिग-२१ एफएल, मग एम, मग बिस (हे सगळे मिग-२१चेच प्रकार), मग मिग-२७ आणि जाता जाता सुखोई. यशवंतराव संरक्षणमंत्री असताना ओझरला हा कारखाना आला, हे नाशिककरांना सांगायला नको. इंजिन कोरापुटला व्हायचं, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, आणि सांगाडा-पत्रा ओझरला. म्हणजे मॉडेलवाले आपण जे बघतो, मोजतो, रंगवतो, ते बाहेरचं सगळं अंग ओझरचं. रिव्हेट मारताना एक जण बाहेरून गन धरतो आणि दुसरा आतून डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, टेकवून उभा राहतो. आत शिरायला बारीक माणूस लागायचा. बाबा बारीक. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, ते तेव्हापासूनच.

२०११ साली मी पहिलं बऱ्यापैकी मॉडेल केलं, १/७२ मधलं बिस. तेव्हा जे सगळे करायचे तेच मीही केलं. प्रत्येक पॅनेल लाईनमध्ये काळा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडला, वरचा पुसून घेतला. नुसता ठसठशीत नकाशा. दिवाळीला ओझरला घेऊन गेलो आणि कौतुकानं बाबांच्या हातात ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला, विमान उलटंपालटं करून बघितलं. मग उठून कपाटातल्या डब्यातून फीलर गेज काढला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, पंख्यासारखी उघडणारी पोलादी पात्यांची जुडी असते, प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली. फट मोजायला वापरतात. बाबांनी पंखाच्या एका लाईनमध्ये एक पातं घालून बघितलं, मग दुसरं. ०.२०चं बसलं. म्हणाले, "किती पट लहान आहे हे?"

"बहात्तर."

पेपरच्या कडेला त्यांनी गुणाकार केला. ०.२ गुणिले ७२. १४.४ मिलिमीटर. आकडा माझ्यापुढे सरकवून करंगळी वर केली. "ही जाईल यात. एवढी फट ठेवून विमान पुढे पाठवलं असतं ना, तर इन्स्पेक्शनवाल्यानं मला शॉपच्या बाहेर काढलं असतं."

मी म्हटलं, "बाबा, मॉडेलमध्ये तसंच करतात, नाहीतर ते प्लॅस्टिकचं खेळणं दिसतं." त्यावर ते काही बोलले नाहीत. विमान टीव्हीवर ठेवलं. आईनं दुसऱ्या दिवशी धूळ पुसताना त्याची पिटो ट्यूब, म्हणजे नाकावरची बारीक नळी, मोडली, ती वेगळी गोष्ट.

पण तो १४.४चा आकडा डोक्यातून जाईना. ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला एफएल निवृत्त झाली, बाबांनी हाताळलेलं पहिलं विमान. ठरवलं की आता एफएल करायचं, १/४८ मध्ये, आणि ते बाबांना पटेल असं. एफएलची शेपटी रुंद, ब्रेक पॅराशूटची नळी तिच्या बुडाशी. पीएफएम या मिग-२१च्या आणखी एका प्रकाराचीही तशीच. म्हणून एडुआर्ड कंपनीचं पीएफएमचं किट घेतलं. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती याच्यावरच आहे.)

सगळ्या पॅनेल लाईन मिस्टर सरफेसर या भरणीच्या प्रायमरनं भरल्या. वाळू दिल्या, १००० नंबरच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा घासल्या. जी झाकणं प्रत्यक्षात उघडतात तेवढीच, आणि फ्लॅप, एलेरॉन, रडर या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या कडा, सुईनं हलकेच परत कोरल्या. बाकी अंग सपाट. मग चकचकीत काळा थर, त्यावर अल्क्लॅडचा अ‍ॅल्युमिनियम रंग. वेगवेगळ्या पत्र्यांना किंचित वेगळी छटा, बस. शेपटीकडच्या भागाला तापलेल्या धातूचा पिवळट-निळसर रंग. शेपटीचं टोक हिरवं, चाकांच्या आतल्या तबकड्या हिरव्या. सुट्टीच्या दिवशी काम व्हायचं, त्यामुळे दोन वर्षं गेली. बायको विचारायची, "अजून विमान उडालं नाही का?"

२०१६ ला एका शहरातल्या प्रदर्शनात ते ठेवलं. परीक्षकांत एक ज्येष्ठ गृहस्थ होते, सगळे त्यांना सर म्हणतात. हात खरंच चांगला आहे त्यांचा, नाही म्हणणार नाही. टॉर्च मारून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "फिनिश छान, पण सरफेस डिटेल कुठाय? पॅनेल लाईनच मारल्या नाहीत. निम्मं काम राहिलंय." मी १४.४चा हिशोब सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "अहो, डोळ्याला काय दिसतं ते महत्त्वाचं. स्केल इफेक्ट म्हणून काही असतं." पॅनेल डिटेलला दहापैकी तीन. पहिलं बक्षीस मिळालं ते एका मिराजला, चौकडीचा शर्ट घातल्यासारख्या काळ्या रेघांच्या.

स्केल इफेक्ट असतोच. पण तो माझ्या बाजूनं आहे! विमान दुरून बघता तेव्हा बारीक फटी आधी नाहीशा होतात, रंग फिकट होतो. १/७२ मॉडेल हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं विमान चाळीस-पन्नास मीटरवरून बघणं. तिथून पत्र्यांचा जोड दिसतो का? लोहगावला विमानं बघायला उभ्या राहिलेल्या कोणालाही विचारा. दिसतं ते धातूच्या चमकेतला फरक, तेलाचे ओघळ, बुटांचे ठसे. रेघा दिसत नाहीत.

त्याच महिन्यात विमान ओझरला नेलं. बाबांनी पंखावरून नख फिरवलं, एकदा आडवं, एकदा उभं. फीलर गेज काही काढला नाही. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो.

मग त्यांचं लक्ष कॉकपिटकडे गेलं. मी कॅनोपी, म्हणजे पायलटच्या डोक्यावरची काच, उघडी ठेवली होती, उजवीकडे कललेली, आतलं दिसावं म्हणून.

"हे असं कसं उघडलंयस?"

"बाबा, मिग-२१चं असंच असतं ना?"

"बिसचं. एमचं. एफएलचं पुढे उघडतं." त्यांनी उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवला, बोटं पुढे टेकलेली, आणि मनगटाकडून वर उचलला. "असं. पुढची काच आणि मागची काच, सगळं एकच. सगळंच उठतं. पायलट बाहेर पडला की काच त्याच्याबरोबरच जायची, वाऱ्याला आडोसा म्हणून. ते पुढे बदललं."

मी किट घेतलं पीएफएमचं. त्याची पुढची काच पक्की, कॅनोपी बाजूला उघडणारी. शेपटी बघून खूश झालो आणि डोकं बघितलंच नाही. दोन वर्षं रेघा घासत बसलो आणि विमानाच्या डोक्यावर दुसऱ्याच विमानाची टोपी. प्रदर्शनात तीन परीक्षक, पन्नासेक बघे, टॉर्च, भिंगं. एकालाही ते दिसलं नाही. जिथे खरी चूक होती तिथे मला दहापैकी नऊ होते.

तर सर, तुम्ही हे वाचत असाल तर, तुमच्याशी वाद घालताना मी अचूकतेच्या गोष्टी करत होतो आणि माझंच विमान चुकीचं होतं, हे मान्य. पॅनेल लाईनबद्दल मात्र मी अजूनही बरोबर आहे.

आता तुमच्याकडे येतो. अचूक 'मिग-२१' अशी वस्तूच नाही. एफएल, एम, एमएफ, बिस, बायसन ही बाहेरून वेगळी विमानं आहेत. पाठीचा फुगीर कणा, शेपटी, कॅनोपी, पोटाखालची तोफ, सगळं बदलत गेलं. एफएलला तर आत तोफच नव्हती, पोटाखाली तोफेचा पॉड टांगायचे. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ पडलं ते त्याच पॉडच्या गोळ्यांनी. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर गेलेल्या एफएल रॉकेट घेऊन गेल्या होत्या. म्हणजे तेच विमान, तोच आठवडा, आणि पंखाखालचं सामान वेगळं. म्हणून आधी एक फोटो निवडा. एकच विमान, नंबर दिसणारा, शक्य असेल तर तारखेसकट. मग किट. उलट करू नका, मी केलं.

फोटो कुठला, यालाही महत्त्व आहे. चौकात, संस्थेच्या दारात चबुतऱ्यावर उभ्या केलेल्या विमानावरून रंग ठरवू नका. त्यांना घरासारखा ऑइल पेंट मारलेला असतो, नंबरही कधीकधी मनाचे. आकारासाठी, चाकांच्या खोबणीसाठी, मापासाठी ती चांगली. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये जेमतेम १० सेंटिमीटर. किट आल्यावर पहिलं हे माप पट्टी लावून बघा.

किट विचारलंत. १/७२ मध्ये एडुआर्डचं एमएफ उत्तम आहे, एमला जवळचं आहे. एफएल करायचं म्हटलंत तर पीएफ आणि पीएफएम अशा दोन प्रकारांची किटं कापून जोडायची शस्त्रक्रिया आली, पहिल्या मॉडेलला त्या भानगडीत पडू नका. हिरवी-तपकिरी कॅमोफ्लाज केलेलं एम घ्या. उघड्या धातूचा रंग पहिल्या झटक्यात जमत नाही, पृष्ठभागावरचा प्रत्येक ओरखडा वर येतो.

रंगाच्या ब्रँडवर मी भांडत नाही, जो मिळेल तो घ्या. पण जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारू नका. हवेतल्या ओलाव्यानं थर दुधासारखा पांढरा पडतो, माझा एक पंख असाच गेला. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर एअरब्रश धुवायला स्वस्त आणि मस्त, पण ब्रशनं प्लॅस्टिकला लावलंत तर विमान वितळेल. आणि डेकलमधला, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चिन्हांमधला, केशरी नीट बघून घ्या. परदेशी डेकलमध्ये तो बऱ्याचदा लालसर नारिंगी येतो, आणि हवाई दलाच्या वर्तुळात तो सगळ्यात बाहेरच्या कड्यात असल्यामुळे लगेच खुपतो.

राहिल्या पॅनेल लाईन. वर जरा जोरात बोललो, म्हणून सांगतो. फ्लॅप-एलेरॉनच्या फटी खऱ्या असतात, त्या गडदच दिसायला हव्यात. वारंवार उघडल्या जाणाऱ्या झाकणांच्या कडेला मळ साचतो, तोही दाखवा. आणि सगळ्या रेघा भरायला दोन वर्षं जातात, ते तुम्हाला परवडत नसेल तर निदान काळा वॉश वापरू नका. मूळ रंगापेक्षा एक छटा गडद असा राखाडी घ्या, तोही पातळ. स्पर्धेत उतरणार असाल तर मात्र काळ्या रेघा मारा, बक्षीस त्यांनाच मिळतं.

फोटो ठरला की त्या विमानाचा 'सी'नं सुरू होणारा नंबर इथे खाली लिहा. रविवारी ओझरला जाणार आहे, बाबांना विचारून सांगेन. फोनवर विचारण्यात अर्थ नाही, त्यांना ऐकू जात नाही.